गुणाकार ठेवला, हिशेब काढला

२०२२ मध्ये एनसीईआरटीने मुलांवरचा भार हलका करायचा म्हणून शालेय पुस्तकांची काटछाट केली. दहावीच्या विज्ञानातून उत्क्रांती गेली, बारावीच्या इतिहासातून मुघल दरबार गेले आणि त्यावरून बरेच रण माजले. त्याच काटछाटीत नववीच्या विज्ञानातून संवेग अक्षय्यतेचा विभागही गेला. त्याबद्दल फारसे कोणी बोलले नाही. संवेगाची व्याख्या राहिली: वस्तुमान गुणिले वेग. न्यूटनचे तिन्ही नियम राहिले, बल काढायची उदाहरणे राहिली. दोन वस्तू एकमेकींवर आदळल्या तर दोघींच्या संवेगांची बेरीज टक्करीआधी जेवढी असते तेवढीच टक्करीनंतर राहते, हे तेवढे गेले.

गप्प राहण्याचे कारण उघड आहे. विज्ञान शिकवणाऱ्या पुष्कळांना ही काटछाट पटली. त्यांचे म्हणणे असे : अकरावीत हे सगळे सविस्तर येतेच. नववीतल्या मुलाला सदिश माहीत नसतात, कॅल्क्युलस तर दूरच. तो सूत्र पाठ करतो, बंदूक आणि गोळीचे एक ठरलेले गणित सोडवतो आणि परीक्षा झाली की विसरतो. त्यापेक्षा बल म्हणजे वस्तुमान गुणिले त्वरण एवढे पक्के करून घ्यावे. संवेग त्याच सूत्रात दडलेला आहे, वेगळा शिकवून नवीन काही हाती लागत नाही.

यातले एक वाक्य खरे आहे. मुले सूत्र पाठ करतात आणि विसरतात. पण त्याचा दोष विषयाच्या माथी मारणे मला मान्य नाही, आणि उपाय म्हणून जे कापले गेले तोच या विषयाचा प्राण होता.

आधी व्याख्येचेच बघू. वस्तुमान आणि वेग यांचा गुणाकारच का? बेरीज का नाही? वेगाचा वर्ग का घेत नाही? नुसती व्याख्या वाचणाऱ्या मुलाला या प्रश्नाचे उत्तर कुठेच मिळत नाही. पुस्तक सांगते म्हणून गुणायचे. खरे उत्तर एकच आहे. टक्करीत वेग बदलतात, दिशा बदलतात, कधी वस्तू एकमेकींना चिकटतात, कधी तुकडे होतात. या सगळ्या उलथापालथीत हा गुणाकार दिशेसकट मांडून बेरीज केली, तर ती बेरीज बदलत नाही. म्हणून या गुणाकाराला नाव मिळाले. अक्षय्यता वगळून व्याख्या ठेवणे म्हणजे मुलाला खतावणी द्यायची आणि जमा-खर्च जुळतो ही गोष्टच सांगायची नाही.

आणि हा गुणाकार कोणाला सहज सुचला असेही नाही. देकार्तने १६४४ मध्ये लिहिले की विश्वातल्या गतीचे एकूण प्रमाण कायम राहते. ते प्रमाण त्याने आकारमान आणि चाल यांच्या गुणाकाराने मोजले, दिशा हिशेबात घेतलीच नाही. समोरासमोर येणारे दोन सारखे मातीचे गोळे एकमेकांना चिकटून जागच्या जागी थांबले, तर देकार्तच्या मोजणीत आधी गती होती आणि नंतर काहीच उरले नाही. १६६८ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीने टक्करीचे नियम शोधायला सांगितले, तेव्हा वॉलिस, रेन आणि हायगेन्स या तिघांनी उत्तरे दिली आणि दिशा हिशेबात आली : उजवीकडचा संवेग अधिक धरला तर डावीकडचा उणे. मातीच्या गोळ्यांची बेरीज आधीही शून्य होती, नंतरही शून्यच. न्यूटनने १६८७ च्या ‘प्रिन्सिपिया’त या तिघांची नावे घेतली आहेत. दोरीला टांगलेले लोकरीचे, पोलादाचे, बुचाचे आणि काचेचे गोळे एकमेकांवर आदळवून, हवेचा अडथळा वजा करून त्याने हा हिशेब स्वतः तपासून पाहिला, तेही तिथेच लिहून ठेवले आहे. ज्या पुस्तकातून आपण मुलांना तीन नियम देतो, त्या पुस्तकात नियमांपाठोपाठ टकरींचे प्रयोग येतात. आपण नियम ठेवले आणि प्रयोग काढले.

मुलांना हे झेपत नाही, असे म्हणणाऱ्यांनी वर्गात एकदा कॅरम बोर्ड आणावा. बोर्डावर पावडर टाका. दोन फूटपट्ट्या समांतर ठेवून मध्ये सोंगटी जेमतेम सरकेल एवढी गल्ली करा. गल्लीत पाच सोंगट्या एकमेकींना चिकटून रांगेत लावा. आता एक सोंगटी टिचकी मारून रांगेवर सोडा. दुसऱ्या टोकाची एकच सोंगटी निघते, बाकीच्या जवळपास जागच्या हलत नाहीत. मग दोन सोंगट्या जोडीने ढकला. दोन निघतात. घर्षणामुळे आणि थोड्या चुकलेल्या नेमामुळे रांग जराशी सरकेल, पण किती सोंगट्या निघाल्या हे मागच्या बाकावरूनही दिसते.

इथे शिक्षकाने थांबायचे आणि विचारायचे : दोन आदळल्यावर दोनच का निघतात? एकच सोंगटी दुप्पट वेगाने का निघत नाही? संवेगाचा हिशेब तर तसाही जुळतो. दोन सोंगट्या गुणिले वेग आणि एक सोंगटी गुणिले दुप्पट वेग, दोन्ही सारखेच. वर्ग या प्रश्नावर अडतो, आणि तो अडायलाच हवा. कारण उत्तरासाठी दुसरा हिशेब लागतो, गतिज ऊर्जेचा, ज्यात वेगाचा वर्ग येतो. एक सोंगटी दुप्पट वेगाने निघाली तर तिची ऊर्जा आधीच्या दोघींच्या मिळून ऊर्जेच्या दुप्पट होईल. ती जास्तीची ऊर्जा कोणी दिली? कोणीच नाही, म्हणून तसे घडत नाही. निघणाऱ्या सोंगट्या सारख्याच वेगाने जातात आणि बाकीच्या जागीच राहतात असे धरले, तर दोन्ही हिशेब एकदम जुळवायला दोन सोंगट्यांनीच निघावे लागते. लायब्नित्सने १६८६ मध्ये देकार्तच्या मापावर हल्ला केला आणि गतीचे खरे माप कोणते यावर युरोपातले विद्वान पुढची कित्येक दशके भांडत राहिले. त्या भांडणाचा गाभा एका तासात नववीच्या मुलांसमोर ठेवता येतो. त्यासाठी कॅल्क्युलस लागत नाही, सदिशांचे चिन्ह लागत नाही. डावीकडे-उजवीकडे आणि अधिक-उणे पुरते.

त्याच बोर्डावर स्ट्रायकर घ्या. साधारण १५ ग्रॅमचा स्ट्रायकर ५ ग्रॅमच्या सोंगटीवर समोरासमोर आदळला तर तो थांबत नाही, पुढे जात राहतो. टक्कर अगदी लवचीक मानली तर त्याचा वेग निम्मा होतो आणि सोंगटी स्ट्रायकरच्या मूळ वेगाच्या दीडपट वेगाने सुटते. मारणाऱ्यापेक्षा मार खाणारी वस्तू जास्त वेगाने जाते, हे कॅरम खेळणाऱ्या प्रत्येक मुलाने पाहिलेले असते, पण कोणी त्याला त्याचा हिशेब दाखवलेला नसतो. १५ गुणिले निम्मा वेग झाला साडेसात, ५ गुणिले दीडपट वेग झाला साडेसात, बेरीज पुन्हा १५. हे गणित सोडवून झाल्यावर मुलगा ते पाठ करत बसणार नाही, कारण पाठ करण्यासारखे त्यात काही उरलेले नाही.

आता दुसरा आक्षेप, जो मला जास्त घातक वाटतो : बल म्हणजे वस्तुमान गुणिले त्वरण, एवढे आले की संवेगाची गरज नाही. हे खरे ठरायला बल माहीत असावे लागते. टक्करीत ते माहीत नसते. दोन गाड्या एकमेकींवर आदळतात तेव्हा पत्रा कसा चेपतो, कोणता भाग आधी वाकतो, प्रत्येक क्षणी बल किती असते, याचा आलेख अपघाताच्या जागी कोणाकडेच नसतो. पण गाड्यांची वस्तुमाने, त्या कुठून आल्या आणि टक्करीनंतर कुठे जाऊन थांबल्या हे मोजता येते. अपघाताचा तपास करणारे तंत्रज्ञ संवेगाच्या बेरजेतून आधीचे वेग उलटे काढतात, ते याच जोरावर. मधल्या गोंधळाबद्दल काहीही ठाऊक नसताना आधीचे आणि नंतरचे जोडता येते, ही ताकद बलाच्या सूत्रात नाही.

याहून मोठा पुरावा हवा असेल तर १९३२ साली केंब्रिजच्या कॅव्हेंडिश प्रयोगशाळेत काय झाले ते पाहावे. बेरिलियमवर अल्फा कण आदळवले की त्यातून काहीतरी बाहेर पडते, एवढे समजले होते. त्याला विद्युतभार नव्हता, त्यामुळे त्याचा माग थेट दिसत नव्हता. पॅरिसमध्ये इरेन आणि फ्रेडरिक जोलियो-क्युरी यांनी दाखवले की हे जे काही आहे ते पॅराफिन मेणावर पडले की मेणातून प्रोटॉन उसळून बाहेर येतात. त्यांनी त्याला गॅमा किरण मानले. जेम्स चॅडविक यांना ते पटले नाही. गॅमा किरणांनी प्रोटॉनला एवढा धक्का द्यायचा तर संवेगाचा आणि ऊर्जेचा हिशेब जुळत नव्हता. त्यांनी वेगळे गृहीत धरले : हा वस्तुमान असलेला कण आहे आणि तो सोंगटीसारखा आदळतो. मग दोन मोजमापे पुरली. त्याच्या धक्क्याने उसळलेल्या प्रोटॉनचा जास्तीत जास्त वेग सेकंदाला सुमारे ३.३ कोटी मीटर होता, नायट्रोजनच्या केंद्रकाचा सुमारे ४७ लाख मीटर.

हे गणित मी मुद्दाम इथे पुरे करतो, कारण ते नववीच्या वर्गात होते. अज्ञात कणाचे वस्तुमान ‘म’ धरा, प्रोटॉनचे १, नायट्रोजन केंद्रकाचे १४. समोरासमोरच्या लवचीक टक्करीत प्रोटॉनला मिळणारा वेग, २म भागिले (म + १), असा येतो आणि नायट्रोजनला मिळणारा, २म भागिले (म + १४). दोन्ही ठिकाणी येणाऱ्या कणाच्या वेगाने गुणायचे. तो वेग माहीत नाही, पण एकाला दुसऱ्याने भागले की तो निघूनच जातो. उरते (म + १४) भागिले (म + १). मोजलेल्या वेगांचे गुणोत्तर सुमारे ७ येते. म + १४ = ७म + ७. म्हणजे ६म = ७, आणि म सव्वा-एकच्याही आत. मोजमापातली अनिश्चितता धरता हा कण जवळजवळ प्रोटॉनएवढाच जड आहे. न्यूट्रॉन सापडला. १९३५ साली चॅडविकना त्यासाठी नोबेल मिळाले. शेवटची पायरी आठवीतल्या एकचल समीकरणाची आहे. कधीच न दिसलेल्या वस्तूचे वजन, तिने ज्यांना धक्का दिला त्यांच्या वेगांवरून काढता येते, हे ज्या मुलाला कळले त्याला विज्ञान म्हणजे काय हे कळले. बल आणि त्वरणाच्या सूत्राने हे कसे केले असते, ते संवेग नको म्हणणाऱ्यांनी मांडून दाखवावे.

मुलांच्या डोक्यात आधीपासून काय असते, याचाही विचार व्हायला हवा. वर फेकलेला चेंडू वर जात असताना त्यावर कोणती बले आहेत असे विचारले, की मुले हमखास सांगतात की हाताने दिलेला जोर त्याच्यात असतो आणि तो संपत आला की चेंडू खाली येतो. ही फक्त लहान मुलांची समजूत नाही. जॉन क्लेमेंट यांनी १९८२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात अमेरिकेतल्या अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांना असाच, वर उडवलेल्या नाण्याचा प्रश्न विचारला होता, आणि बहुतेकांनी वर जाणाऱ्या नाण्यावर वरच्या दिशेचे बल दाखवले. चौदाव्या शतकात पॅरिसच्या ब्युरिदाँने हीच कल्पना ‘इम्पेटस’ म्हणून मांडली होती. त्याच्या कितीतरी आधी आपल्याकडे वैशेषिक परंपरेत प्रशस्तपादांनी वेग हा गतीतून उपजणारा आणि गती पुढे चालू ठेवणारा संस्कार मानला. म्हणजे मुलाच्या मनात जे आहे त्याला मोठी वंशावळ आहे. त्यावर लाल रेघ मारून ‘चूक, वर जाताना फक्त गुरुत्व बल’ असे लिहिणारा शिक्षक बरोबर असतो, पण मुलाच्या हातात काहीच ठेवत नाही. चेंडूत काहीतरी आहे हे मुलाला पक्के जाणवते, आणि तसे काहीतरी खरोखरच आहे. ते बल नाही, संवेग आहे. गुरुत्व बल तो दर सेकंदाला ठराविक प्रमाणात कमी करत नेते, मग उलट दिशेने वाढवते. मुलाच्या समजुतीला नेमके नाव, दिशा आणि माप देणारी शालेय भौतिकशास्त्रातली कल्पना हीच आहे, आणि तिचे हातपाय तोडून आपण ती पुस्तकात ठेवली आहे.

तिसऱ्या नियमाचे तर याहून वाईट होते. अक्षय्यता नसेल तर ‘प्रत्येक क्रियेला समान आणि विरुद्ध प्रतिक्रिया’ ही घोषणा उरते. मग मुले विचारतात की दोन्ही बले समान आणि विरुद्ध आहेत तर एकमेकांना रद्द का करत नाहीत, आणि गाडी पुढे जाते कशी. उत्तर हिशेबात आहे : एका वस्तूने जेवढा संवेग गमावला तेवढाच दुसरीने मिळवला, खाती दोन आहेत. ही घोषणा पाठ असूनही हिशेब न कळल्याचे सर्वांत ठळक उदाहरण १३ जानेवारी १९२० चे आहे. रॉबर्ट गोडार्ड यांनी रॉकेट चंद्रापर्यंत जाऊ शकेल असे लिहिले, तेव्हा ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने अग्रलेख लिहून त्यांना क्रिया-प्रतिक्रियेचा संबंध ठाऊक नाही असे ठरवले. रेटा द्यायला समोर काहीतरी लागते, पोकळीत ते नाही, आणि शाळांमध्ये रोज दिले जाणारे ज्ञानही या प्राध्यापकाजवळ नाही, असा त्याचा आशय होता. गोडार्डनी निर्वात नळीत रॉकेट पेटवून ते चालते हे आधीच मोजले होते. रॉकेट हवेला रेटत नाही. मागे फेकलेल्या वायूने जेवढा संवेग नेला तेवढा रॉकेटला उलट दिशेने मिळतो, हवा असो वा नसो. वृत्तपत्राने दुरुस्ती छापली ती १७ जुलै १९६९ ला, अपोलो-११ चंद्राकडे निघाल्यावर. २३ ऑगस्ट २०२३ ला चांद्रयान-३ चे लँडर वातावरण नसलेल्या चंद्रावर उतरले, तेही इंजिने पेटवून वेग कमी करत. आपण मुलांना वर्गात ते थेट प्रक्षेपण दाखवले. ज्या तत्त्वावर ते उतरले ते मात्र केंद्राच्या नववीच्या पुस्तकातून वर्षभर आधीच निघून गेले होते.

बालभारतीच्या २०१७ च्या नववीच्या पुस्तकात ‘गतीचे नियम’ या पहिल्याच धड्यात संवेग अक्षय्यतेचा सिद्धांत आहे, हे समाधानाचे आहे. पण आपल्या राज्यात सीबीएसईच्या शाळांत शिकणारी मुलेही आपलीच आहेत. आणि बालभारतीचे पुस्तक असलेल्या वर्गातही बंदुकीचे एक गणित सोडवून धडा उरकला, तर काटछाट शिक्षकाने केली एवढाच फरक.

अकरावीत येतेच, हा शेवटचा युक्तिवाद. कोणाच्या अकरावीत? दहावीनंतर वाणिज्य, कला, आयटीआयकडे जाणाऱ्या मुलामुलींना हा विषय पुन्हा भेटत नाही. यातलीच काही मुले पुढे ट्रक चालवतील, गॅरेज चालवतील, अपघातग्रस्तांना विम्याचे पैसे देण्याचे निर्णय घेतील, चंद्रमोहिमांच्या बातम्या लिहितील. विज्ञानाकडे जाणाऱ्या मुलाच्या अकरावीत मात्र प्रवेश परीक्षेची घाई असते, तिथे कॅरम बोर्ड मांडायला कोणाला सवड आहे? सवड नववीत असते आणि कुतूहलही.

वेळ नाही म्हणणाऱ्यांसाठी मी सांगतो कुठून काढायचा. बल काढायची एकाच साच्याची उदाहरणे निम्मी करा. चेंडू झेलताना क्षेत्ररक्षक हात मागे का घेतो हे प्रत्येक पुस्तकात असते; तेच उदाहरण पुढे न्या. १६० ग्रॅमचा चेंडू सेकंदाला २५ मीटर वेगाने आला तर त्याचा संवेग ४ किलोग्रॅम-मीटर प्रति सेकंद. तो सेकंदाच्या शंभराव्या भागात थांबवला तर हातावर सरासरी ४०० न्यूटन, दहाव्या भागात थांबवला तर ४०. इथपर्यंत सगळे शिकवतात. पुढचा प्रश्न विचारा : ते ४ गेले कुठे? पाय रोवून उभ्या खेळाडूतून ते जमिनीत, म्हणजे पृथ्वीत गेले, आणि पृथ्वी एवढी अवजड की तिचा बदललेला वेग कोणी मोजू शकत नाही. पण समोरून येणारा चेंडू टिपायला ७० किलोचा खेळाडू जागच्या जागी सरळ वर उडाला असेल, पाय जमिनीला लागलेले नसतील, तर? मग झेल घेताक्षणी त्याचे सबंध शरीर सेकंदाला साधारण ६ सेंटीमीटर वेगाने मागे सरकू लागते. हे मुलांनी स्वतः काढावे.

आणि परीक्षेत हे विचारावे : ‘ब्रेक लावल्यावर गाडी थांबली. तिचा संवेग कुठे गेला?’ जो ‘शून्य झाला’ एवढेच लिहील त्याला गुण देऊ नयेत. जो ‘रस्त्याला, म्हणजे पृथ्वीला मिळाला’ असे लिहील आणि का ते एका वाक्यात सांगेल, त्याला एकही आकडा न मांडता पूर्ण गुण द्यावेत. हा प्रश्न विचारायचा तर कापलेला विभाग पुस्तकात परत घालावा लागेल, आणि तो येत्या आवृत्तीतच घालावा.